टिळकांची स्वराज्यविषयक व्याख्याने
होमरूल चळवळीच्या प्रचारार्थ लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांनी १९१६ मध्ये बेळगाव (१ मे) व अहमदनगर (३१ मे व १ जून) येथे दिलेली तीन मराठी व्याख्याने. राजकीय वक्तृत्वाचा हेतू कोणता व त्याची मर्यादा कोठे, हा प्रश्न त्यांच्या निमित्ताने न्यायासनापुढे आला.

प्राचीन अथेन्समध्ये हा हेतू उघड होता. भाषण ऐकणारे नागरिकच हात वर करून युद्ध वा तह यांचा निर्णय घेत. डिमॉस्थिनीझची (इ.स.पू. ३८४–३२२) मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्धची भाषणे अशा मतदारांसाठी होती. (अर्थात स्त्रिया, गुलाम व परके यांना तेथे मत नव्हते.) टिळकांच्या श्रोत्यांच्या हाती मात्र कोणताच निर्णय नव्हता. तो हक्क आपला आहे, ही जाणीवच प्रथम त्यांच्या ठायी उत्पन्न करावयाची होती. राजद्रोहाबद्दल १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झालेले टिळक मंडालेहून सुटून जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यामुळे शब्दाशब्दाला जोखीम होती.

सम्राट व नोकरशाही यांत त्यांनी भेद केला. देव तोच राहील, पुजारी तेवढे बदलावयाचे, हा त्यांचा दृष्टांत खेडुतालाही उमगणारा होता आणि कायद्याच्या दृष्टीनेही सावध होता. पंडिती अलंकरणापेक्षा घरगुती दाखल्यांवर त्यांची भिस्त असे.

पोलिसांच्या लघुलेखकांनी भाषणे टिपून घेतली. २३ जुलै रोजी, पुण्यात षष्ट्यब्दीचा सत्कार होत असतानाच, टिळकांना नोटीस मिळाली. दंडाधिकाऱ्याने वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात बॅ. महंमद अली जीना यांनी टिळकांची बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर व शाह यांनी सुटी वाक्ये न पाहता भाषणांचा समग्र परिणाम विचारात घेतला आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. शासनपद्धतीत बदल मागणे हा स्वतः राजद्रोह ठरत नाही, असा या निर्णयाचा अर्थ घेतला गेला व चळवळीच्या सभांना बळ आले. तथापि फेब्रुवारी १९१७ मध्ये टिळकांना पंजाबात प्रवेशबंदी करण्यात आली.