ध्यान आणि मेंदूच्या लहरी

पौर्णिमेला विहारात ध्यानाला बसलो की कुणीतरी हमखास विचारतं, "नुसतं डोळे मिटून मेंदूत खरंच काही होतं का?" प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो तपासून घेण्याच्या सवयीसकट. म्हणून ही तपासणी कशी झाली, ते आम्ही इथे मांडत आहोत.

जर्मनीतील येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील सूक्ष्म विजेचा आलेख काढला. १९२९ साली तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर सेकंदाला साधारण ८ ते १३ लहरी उठतात, त्या 'अल्फा'. आवाजाकडे लक्ष गेलं की त्या तुटतात.

१९६१ साली दिल्लीच्या एम्समधील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी समाधीतल्या योग्यांवर प्रयोग केला. प्रकाश, मोठा आवाज, कशानेच अल्फा तुटेना. १९६६ साली जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांना झेन धर्मगुरूंमध्ये उलटंच दिसलं. एकच टिकटिक पुन्हापुन्हा ऐकवली तर तुमच्या-आमच्या मेंदूला तिची सवय होते, रस्त्यावरच्या हॉर्नसारखी. या मुरलेल्या साधकांचा मेंदू मात्र दर वेळी पहिल्यासारखीच दखल घेत होता. सम्यक स्मृती म्हणजे बहिरेपण नव्हे, जागेपण! हे वाचून आम्हीही हरखलो होतो. पण खरं ते सांगितलंच पाहिजे. १९८१ साली बेकर आणि शापिरो यांनी तशीच तपासणी केली, तेव्हा झेन साधक, योगी आणि साधी माणसं यांच्यात तो फरक दिसला नाही.

पुढे २००४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने तिबेटी परंपरेच्या ८ साधकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. करुणाध्यानात त्यांच्या 'गॅमा' लहरी नवशिक्यांपेक्षा फार जोरकस होत्या. पण प्रत्येकाची साधना किती? १०,००० ते ५०,००० तास!

आता कपाळाला बांधायची पट्टीच मिळते. कॅनडातील कंपनीची 'म्यूज' २०१४ साली बाजारात आली. मन भटकलं की कानात वादळ, शांत झालं की शांत हवा. नवख्याला बसायची गोडी लागत असेल तर आमची ना नाही. पण आपल्या आजी-आजोबांनी दीक्षेनंतर गंडेदोरे सोडले, त्या जागी हा नवा ताईत नको. पट्टी लहर मोजते; शेजाऱ्याशी मैत्री वाढली का, ते तिला दिसत नाही. शिवाय पापणी लवली, कपाळाला आठी पडली, तरी ती वीजही त्याच आलेखात मिसळते. घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं.