स्कॉटिश मिशन, सावित्री खोऱ्यातील
ख्रिस्ती धर्मप्रसाराचे कोकणातील एक प्रारंभिक कार्य. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी डॉनल्ड मिचेल १८२३ च्या सुरुवातीस मुंबईत उतरले. ते पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते. सावित्रीच्या मुखाशी असलेले बाणकोट तेव्हा इंग्रजांकडे होते; तेथे या कार्याचे ठाणे पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिचेल पोलादपूर येथे वारले. म्हणजे त्यांना जेमतेम वर्षभरही काम करता आले नाही.

पुढे जेम्स मिचेल, जॉन कूपर, जॉन स्टीव्हन्सन आदींनी बाणकोट व हर्णै येथून काम चालवले. त्यांची पद्धत तीन अंगांची होती : गावोगावी मराठी शाळा, बाजारात व वाटेवर उपदेश आणि छापील पुस्तिकांचे वाटप. लोकांनी शाळा आनंदाने स्वीकारल्या, धर्म मात्र फारसा कोणी घेतला नाही. अक्षरओळख हवी, पण बाप्तिस्म्यापायी जात व घर तुटायला नको, हा त्यांचा हिशेब व्यवहारी होता.

उपदेशासाठी भाषा शिकणे भागच होते. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन हर्णैला मराठी शिकले आणि नंतर मुंबईस गेले. विल्सन महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. मिशनचा भर लवकरच मुंबई-पुण्याकडे सरकला आणि १८३५ मध्ये हे कार्य स्कॉटलंडच्या चर्चकडे गेले.