हेड वाकलं : घासायचं की बदलायचं?

इंजिन तापलं, गॅस्केट उडालं, मेकॅनिकने हेड उतरवून त्यावर पट्टी ठेवली आणि कळलं की हेड वाकलंय. पुढचा प्रश्न ठरलेला. फेसिंग करून तेच बसवायचं की नवीन टाकायचं? गॅरेजमध्ये हा प्रश्न पैशाचा समजतात. मला तो बराचसा इतिहासाचा वाटतो. कारण "घासून टाका साहेब, काही होत नाही" हे उत्तर एके काळी अगदी बरोबर होतं. मध्यंतरी इंजिनं बदलली, उत्तर मात्र तेच राहिलं.

सुरुवातीच्या कित्येक इंजिनांना वेगळं हेड नव्हतंच. सिलिंडर आणि त्याचं डोकं एकाच ओतकामात. जोडच नाही, तर गळणार काय? पण कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्ह घासायचे तर आत हात घालायला जागा नाही. १९०८ साली फोर्डने 'मॉडेल टी' आणली. तिचे चारही सिलिंडर एका ओतकामात होते आणि वरचं हेड बोल्ट काढले की निघायचं. शेतकर्‍यालाही घरच्या घरी काम करता यावं अशी सोय. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. (पुढे सगळ्यांनीच ही पद्धत उचलली.)

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मॉडेल टीचे व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये होते. हेड म्हणजे नुसतं झाकण! तेही बिडाचं आणि ब्लॉकही बिडाचा. वाकलंच तर खालची बाजू सपाट करा, झालं काम.

मग आलं अल्युमिनियम. वजनाला हलकं, आणि उष्णता बाहेर टाकण्यात बिडाच्या कितीतरी पुढे. पण तापल्यावर ते बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. हिशोब करून बघा: ४०० मिलिमीटर लांबीचं हेड १०० अंशांनी तापलं तर बीड ०.४ मिमी वाढेल, अल्युमिनियम जवळजवळ ०.९ मिमी. खाली बिडाचा ब्लॉक आणि चहूबाजूंनी बोल्टांनी आवळलेलं हेड. रोजच्या तापमानात हा फरक गॅस्केट सांभाळून घेतं. पाणी संपून इंजिन भलतंच तापलं की वाढलेल्या धातूला जायला जागा उरत नाही, आणि मग हेड मधोमध कमान टाकतं.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर धावले. अम्बॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड बिडाचं. कुर्ल्याला बनणार्‍या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला बिडाचा ब्लॉक आणि अल्युमिनियमचं हेड. पण कॅमशाफ्ट दोघींचाही खाली ब्लॉकमध्येच. म्हणून मुंबईच्या टॅक्सीचं हेड वाकलं तर लेथवाल्याकडे फेसिंग करून परत बसवणं हा शहाणपणाचाच व्यवहार होता. जुन्या मिस्त्रींचं उत्तर त्या इंजिनांवर घडलेलं आहे.

आता इंग्लंडला जाऊ, कारण हे उत्तर कुठे अपुरं पडतं ते तिथल्या एका गाडीत स्वच्छ दिसतं. १९७० साली ट्रायम्फने 'स्टॅग' काढली. मिकेलोत्तीचं डिझाइन, चार माणसांची उघडी गाडी, २९९७ सीसीचं व्ही-८ इंजिन. ब्लॉक बिडाचा, दोन्ही हेडं अल्युमिनियमची, आणि प्रत्येक हेडात वर स्वतःचा कॅमशाफ्ट. पाण्याचा पंप दोन बँकांच्या मधल्या खाचेत, इतका उंच की पाणी थोडं कमी झालं तरी पंप कोरडा. भरीस भर म्हणजे काही ब्लॉकांत ओतकामाची वाळू राहून गेलेली. इंजिनं तापू लागली, हेडं वाकू लागली. हेड उतरवणंही शिक्षाच, कारण काही खिळे सरळ आणि काही तिरके, त्यात पोलादी स्टड गंजून अल्युमिनियमला घट्ट धरून बसलेले.

लोकांनी हेडं घासली, परत बसवली, आणि ती परत वाकली. पंप तिथेच, वाळू तिथेच! सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: सर्व्हर पडला की रीस्टार्ट करायचा, लॉग कोणी उघडायचा नाही. कित्येक मालकांनी कंटाळून रोव्हरचं व्ही-८ किंवा फोर्डचं इंजिन बसवलं. १९७७ ला उत्पादन थांबलं तेव्हा जेमतेम २६ हजारांच्या आसपास स्टॅग बनल्या होत्या. गंमत म्हणजे ज्यांनी ब्लॉक धुऊन काढला, नीट रेडिएटर बसवला, त्यांच्या गाड्या मूळ इंजिनावर पुढे अनेक वर्षं चालल्या.

स्टॅगसारख्या इंजिनात घासणं धोक्याचं का? हेड कमानीसारखं वाकलं की वरची कॅमशाफ्टची बेअरिंगंही त्याच कमानीत जातात. खालची बाजू घासून सपाट होते, पण वरची रांग वाकडीच राहते. मग कॅम अडकतो, वेळ आली तर तुटतो. अशा हेडाला आधी भट्टीत तापवून, उलट दाब देऊन सरळ करावं लागतं, घासायचं त्यानंतर. शिवाय जितकं घासाल तितका कॅम खाली येतो, साखळीचं टायमिंग मागे पडतं. व्ही इंजिनात तर इनटेक मॅनिफोल्डही नीट बसेनासा होतो.

आजच्या बहुतेक सगळ्या गाड्या या बाबतीत पद्मिनीच्या नाहीत, स्टॅगच्या घराण्यातल्या आहेत. माझ्या मेहुण्याच्या जुन्या गाडीचं हेड सध्या उतरवून ठेवलंय. एक जण म्हणतो घासा, दुसरा म्हणतो नवीन टाका. नवीन टाकायचं तर गाडीच्या किमतीच्या मानाने खर्च मोठा, आणि त्याचं रोजचं काम गाडीवर अवलंबून. मी त्याला चार गोष्टी विचारून यायला सांगितल्या. प्रेशर टेस्टमध्ये तडा निघाला का? धातू तापून मऊ पडलाय का (कडकपणा मोजता येतो)? कॅम हाताने मोकळा फिरतो का? घासल्यावर कंपनीने सांगितलेली किमान जाडी उरते का? चारही उत्तरं बरी आली तर बिनधास्त घासावं. धातू मऊ पडला असेल तर मात्र नवीनच, कारण मऊ हेड आज सपाट केलं तरी बोल्ट आवळल्यावर सपाट राहत नाही.

आणि पाचवा प्रश्न हेडाचा नाहीच: पाणी गेलं कुठे? त्याचं उत्तर मिळेपर्यंत जुनं काय नि नवीन काय, कुठलंच हेड बसवू नये.