रोजा कोणी धरावा, कोणी सोडावा



आपल्या बेने इस्राएल घरांत उपासाला बहुतेक रोजाच म्हणत आले. कोकणात मुसलमान शेजारी होते, त्यांचा शब्द आपल्या तोंडी बसला. एलुल महिन्यातल्या रोजांना तर आपले जुने लोक सरळ रमजान म्हणत. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला आपल्या समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात ही सगळी जुनी नावं सापडतात. अव महिन्याच्या नवमीला वालाचं बिरडं व्हायचं, म्हणून तो बिरड्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण, दार बंद करण्याचा. पांढरे कपडे घालायचे, दार लावायचं आणि दिवसभर बाहेरच्या कोणाशी शिवाशिव नाही की बोलणं नाही. दुसरा दिवस शिळा सण.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण रोजा कोणी धरू नये याचेही नियम आपल्या धर्मात तितकेच जुने आणि तितकेच कडक आहेत, आणि नेमके तेच आपली वयस्कर मंडळी विसरतात. मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि इस्राएलला आल्यावर जवळजवळ तीस वर्षं वॉर्डात काढली. किप्पूरच्या संध्याकाळी इमर्जन्सीत येणाऱ्या खाटा मी मोजलेल्या नाहीत, पण त्यांवर बहुतेक आपल्याच वयाची माणसं असत. म्हणून हा लेख.

आधी रोजे किती ते पाहू. मोठे दोन, किप्पूर आणि तिशा बेआव. दोन्ही सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत, सुमारे २५ तासांचे. या दोन्हींत पाच गोष्टी वर्ज्य आहेत: खाणंपिणं, अंघोळ, तेल-अत्तर लावणं, चामड्याचे जोडे आणि नवराबायकोचा संग. किप्पूर हा एकटाच तोराने सांगितलेला रोजा. बाकीचे नबींच्या आणि रब्बींच्या काळातले. तिशा बेआव दोन्ही मंदिरांच्या नाशाचा. पहिलं बाबेलच्या लोकांनी पाडलं, दुसरं इ. स. ७० मध्ये रोमन लोकांनी.

लहान रोजे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे. तिश्रीच्या तृतीयेला गदल्याचा रोजा. गदल्या हा पहिल्या मंदिराच्या नाशानंतर यहूदात नेमलेला अधिकारी होता, त्याचा खून झाला. तेवेतच्या दशमीला नबुखद्नेस्सराने यरुशलेमला वेढा घातला. ज्यांच्या मरणाची तारीख ठाऊक नाही अशा होलोकॉस्टमधल्या लोकांसाठी इस्राएलमध्ये याच दिवशी कद्दीश म्हणतात. तम्मुझच्या सतराव्या दिवशी शहराचा कोट फुटला. पुरीमच्या आदल्या दिवशी एस्तेरचा रोजा. शिवाय पेसाहच्या आदल्या दिवशी घरातल्या पहिल्या मुलाचा रोजा असतो, पण सकाळी सिनेगॉगमध्ये कुणी धर्मग्रंथाचा एखादा भाग वाचून पुरा केला की त्या आनंदाचं खाऊन तो सुटतो. आमच्या घरचे ज्येष्ठ चिरंजीव त्या एका सकाळी मात्र न चुकता सिनेगॉगला हजर असतात!

शब्बाथ आणि रोजा एकत्र आले तर किप्पूर सोडून कुठलाही रोजा शब्बाथला धरत नाहीत. तो रविवारवर जातो. एस्तेरचा आणि पहिल्या मुलाचा मात्र अलीकडे गुरुवारी येतात.

आता मुद्द्याचं. लहान रोजांत आजारी माणसाला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, म्हातारपणाने थकलेल्याला सूट आहे. यात फार चर्चा नाही. तिशा बेआवला जीवाला धोका नसला तरी जो खरोखर आजारी आहे त्याला सूट आहे. म्हणजे ताप आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय, अंथरुणावर आहे, तर त्याने खावं. फक्त मेजवानी करू नये, गरजेपुरतं साधं खावं.

किप्पूरचं तसं नाही. तिथे नुसता आजार पुरत नाही, जीवाचा धोका लागतो. पण धोक्याची शंका आली तरी ती धोक्यासारखीच धरायची, हा पिकुआह नेफेशचा नियम. जीव वाचवण्यापुढे जवळजवळ सगळ्या आज्ञा मागे सरतात. मिश्नात योमा नावाचा भाग आहे, त्याच्या आठव्या प्रकरणात आजारी माणसाला किप्पूरच्या दिवशी खाऊ घालायचं सांगितलंय. जाणकाराच्या सल्ल्याने द्यायचं, आणि जाणकार नसेल तर तो पुरे म्हणेपर्यंत त्याच्याच शब्दावर द्यायचं. तिथेच भुकेने अचानक कासावीस झालेल्या माणसाचा उल्लेख आहे. त्याला डोळ्यांत तेज परत येईपर्यंत भरवायचं. गमारात तर अशाला मध आणि गोड पदार्थ द्यायचं सांगितलंय. साखर खाली गेली की आम्ही नर्सेस दुसरं काय करत होतो? डोळे फिरतात, घाम सुटतो, माणूस बरळतो, आणि ग्लासभर साखरपाणी दिलं की पाच-दहा मिनिटांत ओळखायला लागतो. मला हा उतारा पहिल्यांदा कळला तेव्हा अंगावर काटा आला होता.

शुल्हान आरुखमध्ये आणखी एक बारकावा आहे. डॉक्टर म्हणतो खायला हवं आणि रोगी म्हणतो नको, तर डॉक्टरचं ऐकायचं. रोगी म्हणतो मला खायलाच हवं आणि शंभर डॉक्टर म्हणाले गरज नाही, तर रोग्याचं ऐकायचं. दोन्हीकडून पारडं जेवणाकडेच झुकवलंय. १८४८ साली व्हिल्ना शहरात कॉलऱ्याची साथ होती, तेव्हा रब्बी इस्राएल सलांतर यांनी लोकांना किप्पूरला खायला सांगितलं. १९७३ साली किप्पूरच्या दिवशीच, ६ ऑक्टोबरला, लढाई सुरू झाली तेव्हा कितीतरी पोरांनी सिनेगॉगमधून उठून, रोजा सोडून युनिट गाठलं. त्यांच्यातले काही आज तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात.

तरीही आपली माणसं ऐकत नाहीत. वॉर्डात एकदा अलिबागकडच्या एक आजी होत्या. इन्सुलिन सकाळी टोचून घेतलं आणि जेवणाचं ताट परत केलं. मराठीत समजावलं, हिब्रूत समजावलं. म्हणाल्या, "बाय, सत्तर वर्षं मोडला नाही, आता मरताना मोडू?" शेवटी हॉस्पिटलच्या रब्बींना बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून बसले, आणि स्वतःच्या हाताने दह्याचा चमचा पुढे केला. ते म्हणाले की आज तुमच्यासाठी खाणं हीच मित्स्वा आहे आणि न खाणं हेच पाप. आजी रडत रडत जेवल्या. जीव वाचवायचं काम पोराबाळांवर किंवा परक्यांवर न ढकलता मोठ्यांनी स्वतः करावं, असंही शास्त्र आहे. त्या दिवशी ते मी डोळ्यांनी पाहिलं.

ज्यांना पूर्ण रोजा झेपत नाही पण थोडं थोडं खाऊन निभावतं, त्यांच्यासाठी शिऊरिमची रीत आहे. मोठ्या खजुरापेक्षा कमी खाणं आणि गालभर पाण्यापेक्षा कमी पिणं एका वेळी घ्यायचं, मग थांबायचं, मग पुन्हा. साधारण हिशेब सांगतात तो असा: सुमारे ३० मिलिलिटर खाणं, सुमारे ४० मिलिलिटर पाणी, आणि दोन घासांच्या वेळांत नऊ मिनिटं. खाणं आणि पिणं वेगळं मोजतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालतं. औषधाच्या बाटलीवर येतो तो छोटा पेला यासाठी उत्तम. आदल्या दिवशी दुपारीच पेले भरून, झाकून, घड्याळाशेजारी ठेवा. गालभर पाणी प्रत्येकाचं थोडं कमीजास्त असतं, म्हणून आपलं माप आणि मधला वेळ रब्बींकडून ठरवून घ्या. आणि एवढ्याने भागणार नसेल तर पोटभर खायचं, यात रब्बींचं दुमत नाही.

गेली चार वर्षं मीही असंच करते. हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टर आणि रब्बी दोघांनी एकच सांगितलं. पहिल्या वर्षी तो पेला ओठाला लावताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू. आत नेइला चाललेली, सगळे उपाशी उभे, आणि मी बाहेरच्या खोलीत घड्याळ बघत घोट घेतेय. पण उभी होते, शुद्धीवर होते, आणि शोफार कानाने ऐकला.

कोणी आपल्या डॉक्टरला आधी विचारलंच पाहिजे ते सांगते. साखरेचे सगळे रोगी, आणि इन्सुलिनवाले तर नक्कीच. साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्यात, त्या घेऊन उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि साखर फारशी वर न दिसताही हे होतं. पाणी काढणारी गोळी, काही ब्लडप्रेशरच्या गोळ्या, लिथियम, मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात. कॅन्सरचा उपचार चालू असलेले. विचारायचं ते दोन आठवडे आधी, कुपत होलिमच्या बहिणीला नाही तर डॉक्टरला. किप्पूरच्या आदल्या दुपारी फोन कोणी उचलत नाही. मनाने गोळी बंद करू नका. धोक्याच्या आजाराचं औषध किप्पूरलाही घेतात, पाण्याशिवाय गिळता येत नसेल तर कसं घ्यायचं ते रब्बी सांगतील. साखर तपासायचं मशीन त्या दिवशी वापरायचं असेल तर तेही आधीच विचारून ठेवा.

ज्यांची तब्येत बरी आहे आणि जे रोजा धरणार, त्यांनी आठवडाभर आधीपासून चहा-कॉफी रोज एकेक कप कमी करावी. किप्पूरच्या दुपारचं डोकं बहुतेक भुकेने दुखत नाही, चहा तुटल्याने दुखतं. आदल्या दिवशी सकाळपासून थोडं थोडं पाणी प्यावं, शेवटच्या तासात तांब्याभर ढोसून उपयोग नाही. शेवटचं जेवण भात, डाळ, कोंबडीचा रस्सा असं असावं, मीठमसाला बेताचा. पापड-लोणचं त्या दिवशी बरणीतच राहू द्या.

म्हातारपणी तहान मेंदूला उशिरा कळते. म्हणून तहान नाही यावर विश्वास ठेवू नका. दुपारपर्यंत लघवी झाली नाही किंवा फार गडद झाली, उठताना चक्कर आली, जीभ कोरडी पडली, घरचा माणूस भलतंच बोलू लागला, तर त्याच क्षणी पाणी द्यायचं. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा शुद्ध हरपली तर १०१ लावायचा. किप्पूरला रस्ते रिकामे असतात, पण मागेन दावीदची गाडी येते, आणि फोन लावणं हे त्या दिवशी पाप नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती विचारात वेळ घालवतात.

सिनेगॉगमध्ये बसून प्रार्थना करा. नेइलाला उभं राहावंसं वाटतं, पण पाय लटपटत असतील तर हजानसुद्धा रागावणार नाही.

रोजा सोडताना हावदाला झाल्यावर आधी काळ्या मनुकांचं सरबत किंवा साधं पाणी, हळूहळू. साखर असलेल्यांनी मनुकांचं सरबत दोन घोटच. मग पाव किंवा खिचडी. पुऱ्या आणि तळलेलं तासाभराने. सकाळची गोळी राहिली असेल तर रात्री दोन एकदम घेऊ नका, डॉक्टरने सांगितलंय तशी पुढची घ्या.