फीत, रिबीन आणि आगवळ

शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण शब्दांचा नाद काही सुटला नाही. सध्या डोक्यात 'फीत' बसली आहे.

दोन अक्षरी, ऐकायला अगदी घरचा शब्द. पण आहे पोर्तुगीज! मूळ 'फिता', अर्थ तोच. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. वसई तर १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. पगार, चावी, बादली, बटाटा ज्या वाटेने आले त्याच वाटेने हाही आला. आपण शेवटचा आकार टाकला, हिंदीने ठेवला. मलय भाषेत 'फ'चा 'प' झाला, म्हणून तिकडे मुलींच्या केसांना 'पिता' बांधतात. (वडीलधाऱ्यांनी रागावू नये.) गोव्यातल्या आसगावच्या दालगाद यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली ग्रंथच लिहिला.

आमच्या कबनूरला, म्हणजे इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात, चिंधी आणि फीत यांतला फरक शिकवावा लागत नाही. चिंधी थानातून फाडलेली, तिची सुतं सुटतात. फीत मुळातच अरुंद विणलेली, दोन्ही कडांना किनार. अशी वस्तू बाहेरून आली आणि सोबत नाव घेऊन आली, इतकं सरळ आहे हे.

गंमत पुढेच आहे. 'कॅसेट' नको, शुद्ध मराठी हवं, म्हणून 'ध्वनिफीत', 'चित्रफीत' हे शब्द घडवले. अर्धं संस्कृत, अर्धं पोर्तुगीज! मला त्यात काही वावगं वाटत नाही. सरकारी कागदांच्या लाल फितीपेक्षा तरी बरं.

केसांच्या बाबतीत मात्र फितीला इंग्रजी रिबिनीने हटवलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, की झाली पोर शाळेला तयार. आणि या दोघींच्याही आधी घरात होती ती आगवळ. आईची काळ्या सुताची होती, टोकांना गोंडे. वेणीत गुंफून ती शेवटी आवळून बांधायची. नातीला शब्द सांगितला तर तिने रबरबँड दाखवला. तिची तरी काय चूक? वस्तूच राहिली नाही.

आमच्या घरात 'आगवळ' म्हणणारी आता एकटी माझी थोरली बहीण उरली आहे. तुमच्याकडे काय म्हणत असत? आजी, आत्या, मावशी कुणी असतील त्यांना विचारा आणि मला जरूर कळवा. लवकर विचारा.