केडगांवचें मुक्तिसदन

पुण्याहून दौंडकडे आगगाडीनें ज्यांचें जाणेंयेणें आहे, त्यांना वाटेंतील केडगांव स्टेशन परिचयाचें असेल. या गांवाचें नांव एके काळीं इंग्लंड-अमेरिकेंतल्या प्रार्थनामंदिरांतून घेतलें जात असे. महाराष्ट्रांत मात्र तें घेतांना पुष्कळांच्या कपाळाला आठी पडे. दोहोंचें कारण एकच होतें. पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून उचलून आणलेल्या निराधार मुली, विधवा आणि बालकें यांचें घर येथें उभें होतें.

रमाबाईंना दुष्काळाचें ज्ञान वर्तमानपत्रांतून झालेलें नव्हतें. १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकामुलींना संस्कृत शिकवूं नये हा दंडक त्यांनीं आपल्या घरापुरता मोडला होता. पुढें कर्जांत घरदार गेलें आणि हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. १८७४च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळानें गांठलें. भिक्षा मागण्याची संवय नाहीं, हलकें काम करण्यास कुलीनपणा आड येतो, आणि गांठीं पैसा नाहीं! वडील गेले, पाठोपाठ आई गेली, कांहीं काळानें थोरली बहीणहि गेली. उरलेलीं दोघें बहीणभाऊ उत्तरेकडे पायीं निघालीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीच्या रात्रीं अंगावर पांघरूण नाहीं म्हणून वाळूंत खड्डे खणून त्यांत तीं निजलीं आणि डोकें तेवढें उघडें ठेवून सर्व अंगावर वाळू ओढून घेतली, असें रमाबाईंनींच लिहून ठेविलें आहे. केडगांवची हकीगत कळावयाची तर ही रात्र विसरून चालणार नाहीं.

त्यापुढील चरित्र सुशिक्षितांना ठाऊक आहे. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं केलेला गौरव, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह, दोन वर्षांच्या आंत आलेलें वैधव्य, पुण्यांतील आर्य महिला समाज, इंग्लंडला प्रयाण आणि तेथें १८८३ सालीं घेतलेली ख्रिस्ती धर्माची दीक्षा. अमेरिकेंत मिळालेल्या साह्यावर त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. सदन होतें उच्चवर्णीय हिंदु विधवांसाठीं. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती, आणि सल्लागार मंडळांत न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे गृहस्थ होते. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह होऊन त्याच आनंदीबाई कर्वे झाल्या.

त्याच सालीं सदनावर वादळ आलें. रमाबाई आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत. कांहीं मुली तेथें जाऊन बसूं लागल्या. सदनांत धर्मांतराची तयारी चालली आहे असा आरोप 'केसरी'नें जोरानें मांडला, सल्लागार मंडळ राजीनामा देऊन मोकळें झालें आणि वीस-पंचवीस मुली काढून नेण्यांत आल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, कोणावर सक्ति नाहीं, पण स्वतःच्या खोलींत स्वतःचा धर्म लपवून ठेवण्यासहि मी बांधलेली नाहीं. हें म्हणणें खरें होतें. परंतु विरोधकांची शंकाहि अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं. जिच्या अन्नावर आणि मायेवर दहा-बारा वर्षांची पोरकी मुलगी वाढते, तिच्या देवाकडे त्या मुलीचें मन वळलें, तर त्यास स्वेच्छा कितपत म्हणावें? या प्रश्नाचें उत्तर तेव्हां कोणाला देतां आलें नाहीं, आणि पुढेंहि तें सोपें झालें नाहीं. मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मुली काढून नेणारांपैकीं फारच थोड्यांजवळ त्या मुलींसाठीं दुसरें सदन तयार होतें. तें कर्व्यांनीं १८९६ सालीं काढलें, आणि शारदासदनांत शिकलेल्या आनंदीबाई त्या कामीं त्यांच्या पाठीशीं होत्या.

केडगांवची जमीन रमाबाईंनीं घेतली ती निराळ्याच हिशेबानें. अमेरिकेची मदत दहा वर्षांच्या बोलीची; ती संपल्यावर सदन स्वतःच्या उत्पन्नावर चालावें म्हणून सुमारें शंभर एकर माळ घेऊन तेथें विहिरी खणल्या आणि फळझाडें लाविलीं. झाडें नीट धरतात न धरतात तोंच १८९६चा दुष्काळ आला.

रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. सरकारी छावण्यांतून आणि रस्त्यांवरून त्यांनीं जें पाहिलें, त्यांत उपाशी माणसांपेक्षांहि एका गोष्टीनें त्यांचा जीव हादरला. आईबाप मेलेल्या किंवा त्यांनींच टाकलेल्या मुलींवर नजर ठेवून हिंडणारीं माणसें तेथें होतीं. पोटभर अन्नाचें आमिष दाखवून अशा मुली शहरांतील कुंटणखान्यांत पोंचविल्या जात. रमाबाईंना स्वतःचें सोळासतरावें वर्ष आठवलें. सुमारें ३०० मुली व विधवा त्यांनीं आणल्या. येथें जात पाहण्यास सवडच नव्हती, आणि शारदासदनाचा उच्चवर्णीयांचा नियम कोणी रद्द न करतांच गळून पडला.

इतक्या मुली पुण्यांत ठेवाव्या, तर तेथें प्लेग. गांठीचा ताप आणि त्याहून भयंकर वाटणारा प्लेगचा बंदोबस्त यांनीं १८९७ सालीं शहर हवालदिल झालें होतें. नव्या मुली सदनांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली, तेव्हां त्यांना केडगांवच्या उघड्या माळावर नेऊन तात्पुरत्या छपरांखालीं ठेवावें लागलें. रमाबाई सरकारच्या पंखाखालीं आहेत असें मानणारांनीं याच वर्षींचें त्यांचें एक पत्र आठवावें. प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनीं त्यांत उघड टीका केली, आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना ती खोडून काढण्याची यातायात करावी लागली.

१८९८ सालीं पक्क्या इमारती उभ्या राहूं लागल्या व वसाहतीस 'मुक्ति' हें नांव मिळालें. येथें कांहींहि झांकलेलें नव्हतें. हें घर उघड उघड ख्रिस्ती होतें. ब्रिस्टल येथें जॉर्ज म्यूलर यांनीं कोणापाशीं पैसा न मागतां केवळ प्रार्थनेच्या भरंवशावर अनाथगृहें चालविलीं होतीं; त्यांचें चरित्र रमाबाईंनीं वाचलें होतें व तोच धडा गिरविला. म्यूलर यांना दोन हजार मुलांची सोय होण्यास १८३६ पासून १८७० पर्यंतचा काळ लागला. रमाबाईंच्या दारीं तेवढी संख्या चार वर्षांत आली. कारण १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्यास गुजराथेंत 'छप्पनियो' म्हणतात, पहिल्याहून क्रूर निघाला. गुजराथ, राजपुताना येथून मुलींचे तांडे आले आणि मुक्तींतील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

दोन हजार तोंडें! आलेल्या मुलींत कित्येक हाडांचे सांपळे होत्या. कांहीं पोंचल्यावर थोड्याच दिवसांत दगावल्या. वाचलेल्यांना प्रथम भाकरी पचविण्यास शिकवावें लागे, अक्षरें त्यानंतर. मग शेती, दूधदुभतें, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन होतें, म्हाताऱ्यांसाठीं प्रीतिसदन. आंधळ्या मुलींची निराळी शाळा होती. रमाबाईंची कन्या मनोरमा हिनें ब्रेल लिपि शिकून घेतली होती, आणि बोटांनीं वाचणाऱ्या त्या मुली पाहून पाहुणे थक्क होत.

हिंदु समाज स्वस्थ बसला नव्हता. दुष्काळांतील पोरें मिशनच्या हातीं जातात हें पाहून लाला लजपतराय यांनीं १८९७ पासून हिंदु अनाथांच्या साह्याची चळवळ चालविली व आर्यसमाजाच्या अनाथालयांनीं शेंकडों मुलें उचललीं. अनाथांसाठीं अशी चढाओढ लागावी हें कोणास खेदाचें वाटेल. परंतु चढाओढ नव्हती तेव्हां त्या मुलांना कोण विचारीत होतें, हेंहि त्याच वेळीं विचारावें.

पुढें रमाबाईंचें मन धर्मग्रंथाच्या कामांत अधिकाधिक रमलें. मिशनऱ्यांचें मराठी बायबल संस्कृतप्रचुर, तें मुक्तींतल्या मुलींच्या डोक्यावरून जातें, म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं स्वतः साधें भाषांतर आरंभिलें. जिला संस्कृत पंडितांनीं 'सरस्वती' म्हणून गौरविलें होतें, तिनें उतारवयांत संस्कृत शब्द वेंचून बाहेर काढावे, ही मौजेची गोष्ट आहे. खिळे जुळविणें, छापणें हें मुक्तींतल्याच बायका करीत. जुलै १९२१ मध्यें मनोरमाबाई वारल्या. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला, तेव्हां भाषांतर हातावेगळें झालें होतें. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ सालीं, दुष्काळांत वेंचलेल्या मुलींच्या हातून, केडगांवच्या छापखान्यांत.