पसरणाऱ्या राज्याला लगाम

१९९१ साली अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातून मायक्रोप्रोज कंपनीनं ‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरचा खेळ बाजारात आणला. त्यात रणगाडे होते, युद्धनौका होत्या, अणुबॉम्बही होता. पण मुरलेल्या खेळाडूंच्या लवकरच ध्यानात आलं, की सगळ्यात घातक सोंगटी म्हणजे ‘सेटलर’, नवं शहर वसवणारं निःशस्त्र पथक.

यामागचं गणित सोपं होतं. शहरात जितकी लोकसंख्या, तितके आजूबाजूचे चौकोन ते कसणार. शिवाय शहर ज्या चौकोनावर उभं आहे त्याचं उत्पन्न फुकट. म्हणजे दहा लोकसंख्येचं एक शहर अकरा चौकोन कसतं, तर एकेका लोकसंख्येची दहा शहरं मिळून वीस. मोठ्या शहरात लोक कुरकुरतात, दंगे होतात, त्यांच्यासाठी मंदिरं आणि बाजार बांधावे लागतात. चिमुकल्या शहरांना यातलं काहीच लागत नाही. तेव्हा नदी, डोंगर, सुपीक जमीन असलं काही न बघता शहरं पेरत सुटायचं. खेळाडूंनी या युक्तीचं नाव ‘इन्फिनिट सिटी स्प्रॉल’ ठेवलं. तिला जेरीस आणण्यासाठी या खेळाच्या रचनाकारांनी पुढची तीसहून अधिक वर्षं जी डोकेफोड केली, तिच्यातच या मालिकेचा बराचसा इतिहास सापडतो.

खेळाचे पूर्वज दोन, आणि स्वभावानं एकमेकांच्या अगदी उलट. वॉल्टर ब्राइट यांनी १९७७च्या सुमारास विद्यार्थिदशेत लिहिलेल्या ‘एम्पायर’मध्ये शहर फौज बनवायचं, फौज दुसरं शहर जिंकायची, ते आणखी फौज बनवायचं. खजिना नावाची भानगडच नव्हती. दुसरा पूर्वज पुठ्ठ्याचा. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस ट्रेशम यांचा १९८०चा पटावरचा ‘सिव्हिलायझेशन’. त्यात लढाई दुय्यम होती आणि फासे नव्हतेच. खरी धमाल मालाच्या अदलाबदलीत, संकटाची पत्ती गोड बोलून दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात. अमेरिकेत तो ॲव्हलॉन हिल कंपनीनं छापला, आणि संगणकावरच्या ‘सिव्हिलायझेशन’चे रचनाकार सिड मायर यांचे सहरचनाकार ब्रूस शेली मायक्रोप्रोजमध्ये आले ते याच ॲव्हलॉन हिलमधून. मायर आणि शेली या जोडीनं १९९०मध्ये ‘रेलरोड टायकून’ केला होता. ‘एम्पायर’वर दोघांचाही जीव होता.

मायर यांचा पहिला आराखडा ‘सिमसिटी’सारखा, घड्याळाबरोबर आपोआप चालणारा होता. त्यात खेळाडूच्या वाट्याला बघत बसण्यापलीकडे फारसं काही येईना. म्हणून खेळ पाळीवर आणला: तुमची चाल झाली की जगाची चाल. या एका बदलानं युद्ध आणि अर्थकारण एकाच रांगेत येऊन उभी राहिली. शहर एका वेळी एकच वस्तू बनवू शकतं. धान्यकोठार घेतलंत तर रथ मागे पडला, रथ घेतलात तर सेटलर. शेजारी कुरापतखोर निघाला तर कोठाराच्या नादात राज्य जायचं; तो भला निघाला तर उभी केलेली फौज नुसती बसून खायची.

वर राज्यपद्धतींचा पेच होताच. लोकशाहीत व्यापार भरभराटीला यायचा, भ्रष्टाचार नाहीसा व्हायचा. पण सीमेपार गेलेल्या प्रत्येक पथकामागे शहरातले दोन नागरिक नाराज व्हायचे, आणि युद्ध ऐन रंगात असताना सिनेट परस्पर तह करून मोकळी व्हायची. ज्याला लढायचं त्यानं व्यापारावर पाणी सोडावं, असा तो रोखठोक सौदा होता.

साम्राज्यं चढतात तशी उतरतातही, हेही मायर यांना खेळात हवं होतं. पण उतरती कळा लागली की माणसं जुना साठवलेला डाव उघडतात आणि घडलेलं पुसून टाकतात, हे त्यांना दिसलं. ऱ्हास वगळला गेला. खेळात उरली ती फक्त चढण, आणि चढणीवर शहरं पेरणाऱ्याला अडवणारं कुणी नव्हतं.

युद्ध आणि अर्थकारण यांची गाठ कशी बसते, याचा विलक्षण नमुना दुसऱ्या भागानं दिला. ब्रायन रेनॉल्ड्स यांनी रचलेला तो भाग १९९६चा. त्यातला एकच डाव आपण दहा वर्षं अधूनमधून खेळत आहोत, असं एका अमेरिकन खेळाडूनं २०१२मध्ये जाहीर केलं. डावात इसवी सन ३९९१ उजाडलं होतं. पृथ्वीवर तीनच महासत्ता उरल्या होत्या आणि त्यांचं युद्ध सुमारे सतराशे वर्षं चाललं होतं. अणुस्फोटांनी हिमटोप्या पुन्हापुन्हा वितळल्या होत्या, सुपीक जमिनीच्या दलदली झाल्या होत्या. त्याला धान्यकोठारं बांधायची होती, पण दर पाळीला रणगाडे बनवावेच लागत. लोकशाहीही त्यानं सोडली होती, कारण सिनेट युद्ध पुकारू देत नव्हती. तो डाव त्यानं खुला केल्यावर कोंडी फोडायला जगभरातले सेनापती धावले, ही गोष्ट वेगळी.

शहरांच्या पेरणीवर पहिला मोठा घाव घातला तिसऱ्या भागानं, २००१मध्ये. राजधानीपासून दूरच्या आणि ठराविक संख्येपलीकडच्या शहरांना भ्रष्टाचार असा पोखरायचा, की सीमेवरच्या शहराच्या हाती दर पाळीला उत्पादनाचं एकच एकक लागायचं. साधी इमारत उभी राहायला शतकं उलटत. चिडचिड भरपूर झाली, इलाज मात्र झाला नाही. शहर निकामी असलं तरी तोट्यात नव्हतं; एक तर एक, पदरात काही पडतंच होतं. पेरणी चालूच राहिली.

त्या भागावर काम केलेले सोरेन जॉन्सन २००५च्या चौथ्या भागाचे मुख्य रचनाकार झाले आणि त्यांनी नेमकी ही फट बुजवली. आता नवं शहर मिळकत कमी देत नव्हतं, ते पहिल्या दिवसापासून खर्च मागत होतं. राजधानीपासूनचं अंतर वाढलं की खर्च वाढला, एकूण शहरं वाढली की प्रत्येकाचाच खर्च वाढला. खेळाडू चार-पाच शहरं झपाट्यानं वसवायचा आणि संशोधनासाठी ठेवलेला महसुलाचा वाटा शंभर टक्क्यांवरून घसरत चाळिसाखाली यायचा. खजिना आटला की पथकं विसर्जित होऊ लागत. पण शहरं मोठी झाली, न्यायालयं उभी राहून खर्च निम्म्यावर आला, की तीच शहरं भरभरून देऊ लागत. पसरायला मनाई नव्हती, दोन पसरणींच्या मध्ये दम खाणं भाग होतं. या मालिकेतला हा सगळ्यात समंजस लगाम, कारण तो शिक्षा करत नाही, हिशेब मागतो.

त्याच भागातलं खोपटं तर रचनेचा उत्तम नमुना आहे. मैदानात खोपटं बांधायचं, नागरिकाला तिथं राबवायचं. दहा पाळ्यांनी त्याची वाडी, आणखी वीस पाळ्यांनी खेडं, पुढच्या चाळिसांनी गाव. सत्तर पाळ्यांची ही कमाई शत्रूचे घोडेस्वार काही पाळ्यांत जाळतात आणि वर लुटीचं सोनं घेऊन जातात. तटबंदी शाबूत राहूनही राज्य कसं बसतं, ते इथं पटावर दिसतं. आपल्या फौजेला सीमेबाहेर धाडलं की तिचा रसदखर्च निराळा पडतो. हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको: १७६०मध्ये दिल्ली हाती आल्यावरही सदाशिवरावभाऊंना पैशासाठी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडावी लागली होती. मराठ्यांना संगणकाच्या पटावर प्रमुख मान दिला तो मात्र दुसऱ्या मालिकेनं. २००९च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये १७०० सालापासून मराठ्यांचं राज्य चालवता येतं. नकाशावरचा कारभार पाळीचा, सहा महिन्यांची एक पाळी. कर वाढवला की प्रजा खवळते आणि नुकताच जिंकलेला प्रांत उठाव करतो.

पाचव्या भागात, २०१०मध्ये, जॉन शेफर यांनी लगाम फारच आवळला. साऱ्या राज्याचं समाधान एकाच आकड्यात बांधलं गेलं. प्रत्येक शहरामागे तीन, प्रत्येक नागरिकामागे एक अशी नाराजी जमा होई. २०१३च्या पुरवणीत तर प्रत्येक नव्या शहरागणिक संशोधन महाग झालं. परिणाम असा, की साम्राज्यांच्या खेळात जाणती माणसं चार शहरांवर थांबून डाव संपवू लागली. पटावरच्या एका घरात एकच पथक हा नियमही याच भागातला. त्यानं लढाया देखण्या झाल्या, पण पट फौजांनी तुंबू नये म्हणून उत्पादन संथ ठेवावं लागलं. शेफर यांनी पुढे आपल्याच या निर्णयांची चिकित्सा जाहीरपणे लिहिली.

सहाव्या भागानं, २०१६मध्ये, पुन्हा मोकळीक दिली. तिथं प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग पडतो, एवढंच. २०१८च्या पुरवणीत निष्ठा आली: शेजारच्या बड्या राज्याच्या कुशीत शहर वसवलंत तर लढाई न होता ते तुमच्या हातून निसटतं.

२०२५च्या फेब्रुवारीत सातवा भाग आला. त्यात वस्त्यांची मर्यादा थेट आकड्यात लिहिलेली असते. ती ओलांडली की समाधान घटतं. नवी वस्ती आधी गाव असते, सोनं मोजलं तरच शहर होते. इतिहासाची तीन युगं पाडली आहेत, आणि पहिल्या दोन युगांच्या शेवटी साथीचे रोग, बंडं, आक्रमणं अशी संकटं कोसळतात. मायर यांनी सोडून दिलेली ऱ्हासाची कल्पना अशी चौतीस वर्षांनी पटावर आली. मात्र ती सक्तीची नाही. डाव मांडतानाच सेटिंगमध्ये जाऊन ही संकटं बंद करता येतात.